घरच्या सिनेमात कार्टून खार बसवताना: तयारीपासून शेवटच्या रेंडरपर्यंत

सुट्टी संपली की हा प्रश्न ठरलेला. "हा व्हिडिओ बघ ना, यात एखादा कार्टून प्राणी टाकता येईल का?" व्हिडिओ हातात फोन धरून काढलेला असतो. उजेड दर दोन सेकंदांनी कमीजास्त होतो, मुलं हवेत कुठेतरी बघून हसत असतात आणि प्राण्याला उभं राहायला फ्रेममध्ये वीतभरही जागा नसते. टाकता येतो, पण काचेवर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो.

चूक सॉफ्टवेअरची नसते, क्रमाची असते. लोक आधी शूट करतात आणि प्राण्याचा विचार नंतर करतात. खरं तर शूटिंगच्या दिवशी प्राणी तिथे हजर असावा लागतो, फक्त कॅमेऱ्याला दिसत नाही इतकंच. म्हणून या लेखाचा अर्ध्याहून जास्त भाग कॉम्प्युटर उघडण्याआधीच्या कामाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून आमचीच फिल्म घेतो: तीन मिनिटांची, घरातच घडणारी. एक खार आजोबांचा चष्मा पळवते आणि नात तिच्या मागे लागते. सामान म्हणजे एक फोन, एक ट्रायपॉड आणि ब्लेंडर हे थ्री-डी ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर. तुमचा प्राणी ससा असो की अस्वल, पायऱ्या त्याच.

## १. गोष्ट लिहा, मग खारीचे शॉट मोजा

आधी हिशोब. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तीन मिनिटांच्या ४,५०० फ्रेम होतात. खार प्रत्येक फ्रेममध्ये हवी असा हट्ट धरलात तर पुढच्या सुट्टीपर्यंत काम संपणार नाही. खार दिसणारे आठच शॉट ठेवा, प्रत्येकी चार सेकंदांचे. म्हणजे ३२ सेकंद, ८०० फ्रेम. साध्या कॉम्प्युटरवर एका फ्रेमला तीन मिनिटं लागली तर नुसत्या रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने शेवटची चित्रं तयार करायला, ४० तास. तेही सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर आलं तर, आणि ते येत नाही.

मग उरलेल्या फिल्मभर खार आहे असं वाटावं कसं? न दाखवता. पडदा हलतो, कपाटावरून पेन्सिल घरंगळते, सोफ्यामागून खुडबुड ऐकू येते, आजोबा वर बघतात. हे शॉट फुकटचे आहेत आणि मला विचाराल तर फिल्ममधले सगळ्यात मजेचेही.

स्क्रिप्टमधल्या प्रत्येक शॉटपुढे तीनपैकी एक खूण करा:

- अ: खार दिसत नाही, तिची चाहूल आहे.
- ब: खार दिसते, पण कुणाला किंवा कशाला हात लावत नाही.
- क: खार माणसाला किंवा वस्तूला स्पर्श करते.

पहिल्या फिल्ममध्ये 'क' शॉट दोनच. एका 'क' शॉटला चार 'ब' शॉटइतका वेळ जातो हे धरून चाला.

तपासणी: 'ब' आणि 'क' मिळून दहाच्या वर गेले असतील तर पुढे जाऊ नका. गोष्ट कापा.

## २. खार शूटिंगच्या आधी तयार हवी

बहुतेकजण इथेच घसरतात. "आधी शूट करून घेऊ, खार नंतर सावकाश बनवू." मग खार तयार होते आणि कळतं की ती टेबलाच्या पायाएवढीच उंच आहे, तर सगळे कलाकार सोफ्याच्या पाठीकडे बघत बसलेत.

किमान एवढं आधी व्हायला हवं:

माप. खरी खार शेपूट सोडून वीतभर असते. तेवढी ठेवली तर फोनच्या फ्रेममध्ये तिचा चेहरा ठिपक्याएवढा येतो. आम्ही ती दोन वितींची केली. तुम्ही काहीही ठरवा, पण सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा: उभी राहिल्यावर उंची किती, चारही पायांवर असताना डोळे जमिनीपासून किती वर. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. तो का, ते शूटिंगच्या वेळी कळेल.

रूप. अंगभर केस असलेली खार पहिल्याच फिल्ममध्ये करू नका. केसांमुळे रेंडरचा वेळ अनेक पटींनी वाढतो आणि उजेड जरा चुकला की खार पायपुसण्यासारखी दिसते. गुळगुळीत, खेळण्यासारखी खार खऱ्या खोलीत जास्त लवकर खपून जाते. फक्त शेपटीला केस दिले तरी पुष्कळ झालं.

हाडं. पाय वाकतात, मान वळते, शेपूट तीन-चार ठिकाणी मुडपते आणि पापण्या मिटतात, एवढं रिगिंग (आतला हलवता येणारा सांगाडा) पुरे. दोन सेकंद धावून बघा. पाय धडातून आरपार जात असतील तर ते आत्ताच दुरुस्त करा.

मोजा-खार. ही खरी नायिका. जुन्या करड्या मोज्यात कापूस भरा, आत जाड तार घाला आणि ठरलेल्या मापाचा बोळा करा. डोळ्यांच्या जागी दोन बटणं शिवा. दिसायला भयंकर चालेल, मापाला चुकता कामा नये.

नमुना शॉट. खरं शूटिंग करण्याआधी दोन सेकंदांचा एकच 'ब' शॉट आरपार करून बघा: फोनवर काढा, खार बसवा, सावली द्या, रेंडर करा. वाईट दिसेल, दिसू द्या. त्यातून ज्या पाच-सहा चुका सापडतील, त्या नाहीतर आठही शॉटमध्ये झाल्या असत्या.

## ३. फोनची लगाम आदल्या दिवशी आवळा

फोन हुशार असतो, तीच अडचण. दर क्षणाला तो उजेड, रंग, फोकस 'सुधारत' बसतो. घरच्या आठवणींसाठी ठीक आहे, पण खार त्या सुधारणांबरोबर बदलत नाही आणि म्हणून उपरी दिसते. हाताने सेटिंग करू देणारं एखादं कॅमेरा ॲप घ्या आणि हे करा:

- फोकस, एक्स्पोजर (चित्र किती उजळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक) तिन्ही लॉक.
- स्टॅबिलायझेशन बंद. ते प्रत्येक फ्रेम थोडी सरकवतं, कापतं. मग कॅमेऱ्याची खरी हालचाल शोधणं अवघड होऊन बसतं.
- एचडीआर व्हिडिओ बंद.
- एकच लेन्स, मुख्य. झूम नाही. जवळ गेल्यावर आपोआप दुसरी लेन्स घेण्याची सोय असेल तर तीही बंद.
- विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे २५ फ्रेम आणि शटर १/५०; ६० हर्ट्झ असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६०. नाहीतर दिव्यांच्या उजेडात चित्र लुकलुकतं.
- फोन एअरप्लेन मोडवर. उत्तम टेकच्या मध्येच फोन वाजणार, यात शंका नको.

आता एक पाच मिनिटांचं काम, जे कुणीच करत नाही आणि ज्यामुळे पुढे दोन दिवस वाचतात. तुमची लेन्स नक्की किती रुंद बघते ते मोजा. फोनच्या माहितीत '२४ मिमी' असं काही लिहिलेलं असतं, पण व्हिडिओ काढताना कडा कापल्या जातात, त्यामुळे तो आकडा खरा राहत नाही. फोन भिंतीपासून बरोबर दोन मीटरवर, भिंतीला समोरासमोर ठेवा. फ्रेमच्या डाव्या आणि उजव्या कडेला भिंतीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि मधलं अंतर मोजा. समजा २.८ मीटर आलं. मग ३६ गुणिले २, भागिले २.८, म्हणजे साधारण २५.७. ब्लेंडरमध्ये सेन्सरची रुंदी ३६ मिमी ठेवून फोकल लेंथ २५.७ द्यायची. फोनच्या खऱ्या सेन्सरचं इवलंसं माप आणि हा आकडा यांची सरमिसळ करू नका. दोन्ही एकत्र टाकले की खार कुठेच बसत नाही.

तपासणी: दहा सेकंद रेकॉर्ड करा. मध्येच पांढरा कागद फ्रेमसमोरून न्या. मागची भिंत जराही उजळली किंवा काळवंडली तर एक्स्पोजर लॉक झालेलं नाही.

## ४. शूटिंग: प्रत्येक शॉटचे सहा भाग, याच क्रमाने

क्रम बदलू नका. मुलं दमतात, उजेड सरकतो, ट्रायपॉडला कुणाचा तरी पाय लागतो. जे परत मिळणार नाही ते आधी पदरात पाडून घ्यायचं.

एक. मोजा-खारीबरोबर तालीम. तारेने धरून तिला ठरलेल्या वाटेने चालवा. सगळ्यांना ती दिसू द्या, मुलांना हात लावू द्या, हसून घेऊ द्या. फ्रेम लावतानाही तिला आत ठेवा. नाहीतर सवयीने माणसं मध्यभागी येतात आणि खारीला कोपरा उरतो.

दोन. मोजा-खारीचा टेक. तालमीसारखंच, पण रेकॉर्ड करा. हा फिल्ममध्ये जाणार नाही. पुढे ॲनिमेशन करताना खार कुठे किती मोठी दिसायला हवी, तिच्यावर उजेड कसा पडला होता, हे सगळं यातूनच कळतं.

तीन. खरा टेक. मोजा-खार बाहेर, कलाकार तेच.

आता नजरेबद्दल, कारण घरगुती फिल्म सर्वात जास्त इथेच फसतात.

रिकाम्या जागेकडे बघायला सांगितलं की माणूस त्या जागेकडे बघत नाही, तिच्या आरपार बघतो. डोळे दूरवर लागतात. मोठ्या पडद्यावर हे लगेच कळतं. आमच्या पहिल्या प्रयत्नात भाचीला सांगितलं, "खार टेबलावर आहे बघ." तिने टेबलाच्या कडेकडे बघितलं, बाबांनी टेबलाच्या मध्यावर. मी कॅमेऱ्यामागे खूश. एडिटिंगला बसलो तेव्हा दिसलं की दोघं दोन वेगवेगळ्या खारी बघतायत. परत शूट करणं शक्य नव्हतं, कारण भाची गावी गेली होती. शेवटी गोष्टीतच दुसरी खार घातली. फिल्म काही वाईट झाली नाही, पण माझं काम दुप्पट झालं.

म्हणून टेबलाकडे नाही, *डोळ्यांकडे* बघायला सांगायचं. खारीचे डोळे जमिनीपासून किती वर हे आधी लिहून ठेवलंय ना, त्या उंचीवर बारक्या काडीच्या टोकाला एक मणी लावून ठेवा. खार स्थिर असेल तर काडी मातीच्या गोळ्यात खोचा. ती फ्रेममध्ये दिसली तरी हरकत नाही, पुढे पुसता येते. खार धावत असेल तर कुणीतरी काडी हातात धरून ठरलेल्या वाटेने मोठ्याने आकडे मोजत न्यायची: एकला टेबलाचा पाय, दोनला खुर्ची, तीनला पडदा. आकडे सगळ्यांच्या तोंडी बसले की काडी काढून टाका आणि नुसत्या आकड्यांवर टेक घ्या. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. भाचीने तिसऱ्या टेकनंतर विचारलं, "मामा, ती आत्ता पडद्यामागे थांबली का?" तिच्यापुरती खार खरी झाली होती.

वेळ हा दुसरा घोटाळा. समोर कुणी नसलं की माणसं घाईत उत्तर देतात. खारीला दचकायला, वळायला, पळायला सेकंद-दीड सेकंद लागतो. तेवढी जागा टेकमध्येच सोडायला हवी. खारीला संवाद असतील तर ते कॅमेऱ्यामागून कुणीतरी वाचायचे, पण कलाकाराच्या वाक्यावर वाक्य चढू न देता. चढलं तर आवाज वेगळे करता येत नाहीत.

'क' शॉटचा एकच नियम: वस्तू खरीखुरी हलवा, खारीला नंतर तिच्याबरोबर हलवा. उलटं कधीच नाही. चष्मा टेबलावरून ओढला जातो त्या शॉटमध्ये चष्म्याच्या काडीला पारदर्शक नायलॉनचा दोरा बांधला होता. पहिल्यांदा मी तो एकसारखा ओढला आणि चष्मा सरकत्या पट्ट्यावरच्या सामानासारखा सरकला. मग खारीसारखं ओढलं: एक हिसका, थांब, दोन छोटे हिसके, थांब, आणि मग भर्रकन. कडेला पोचताना चष्मा जरा वाकडा फिरला, एक काडी टेबलाला अडकली. ते मुद्दाम ठेवलं. खारीची ताकद, तिची घाई, सगळं त्या अडकण्यातून आलं.

खारीला हात लावायचा शॉट असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूने बोटं खारीच्या *मागे* जातील अशी बसा. मागे असलेली बोटं खार आपोआप झाकते. बोटं पुढे आली तर प्रत्येक फ्रेममध्ये एकेक बोट कापून खारीच्या वर ठेवावं लागतं. चार सेकंदांच्या १०० फ्रेम म्हणजे शंभर वेळा. आणि हातात काहीतरी धरा, मऊ बोळा किंवा मोजा-खारच. रिकामी ओंजळ कितीही नाटक केलं तरी रिकामीच दिसते.

चार. क्लीन प्लेट. कलाकार बाहेर, काडी बाहेर, तीच फ्रेम, दहा सेकंद. काडी, दोरा, मोजा-खारीची सावली पुसायला मागचा भाग इथूनच येणार.

थांबा: क्लीन प्लेट होईपर्यंत ट्रायपॉडला हात लावायचा नाही. फोनच्या पडद्यालासुद्धा नाही. रेकॉर्डिंग शक्यतो इअरफोनच्या किंवा रिमोटच्या बटणाने चालू-बंद करा.

पाच. उजेडाची नोंद. खार जिथे उभी राहणार तिथे करड्या रंगाचा, चमक नसलेला चेंडू धरा आणि पाच सेकंद रेकॉर्ड करा. मग तिथेच चकचकीत स्टीलचा गोळा. नसेल तर स्टीलच्या पळीची पाठ. करडा चेंडू सांगतो की उजेड कुठून येतो आणि सावली किती गडद आहे. चकचकीत गोळा सांगतो की खोलीत खिडक्या-दिवे कुठे आहेत. दिवसाच्या शेवटी सगळं एकदम करू म्हणाल तर सूर्य थांबत नाही; प्रत्येक शॉटनंतर लगेच करा.

सहा. वही. आमच्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी: *"शॉट ४. फोन जमिनीपासून ६२ सेमी, किंचित खाली झुकलेला. फोन ते मोजा-खार १४० सेमी. उजेड डाव्या खिडकीतून, १०.४०. पडदा अर्धा. टेक ३ चांगला, टेक ५ मध्ये चष्मा छान अडकतो."* एवढं लिहायला एक मिनिट लागतं.

हलत्या कॅमेऱ्याचा शॉट पहिल्या फिल्ममध्ये एकच ठेवा, आणि तोही सावकाश. झर्रकन फिरवलं की फोनच्या चित्रात उभ्या रेषा तिरक्या होतात आणि त्या सरळ करणं कठीण. कॅमेऱ्याची वाट शोधायला सॉफ्टवेअरला ठळक बारकावे लागतात. कोरी भिंत आणि गुळगुळीत फरशी त्याला काहीच सांगत नाही. चिकटपट्टीच्या बारीक फुल्या लावा, काही जवळ, काही लांब, काही उंचावर. सगळ्या एकाच भिंतीवर लावल्या तर खोली किती खोल आहे ते कळत नाही.

जायच्या आधी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज तीस सेकंद रेकॉर्ड करा.

## ५. आधी एडिट, मग ॲनिमेशन

फोनचे व्हिडिओ बहुधा सेकंदाला नेमक्या २५ फ्रेमचे नसतात. कुठे २४, कुठे २६, असं मागेपुढे चालतं. आधी हँडब्रेक किंवा एफएफएमपेगसारख्या मोफत सॉफ्टवेअरने फ्रेमचा वेग स्थिर करून घ्या. नाहीतर आवाज हळूहळू सुटत जातो.

मग खारीविना पूर्ण फिल्म जोडा. जिथे खार यायची तिथे मोजा-खारीचा टेक लावा. घरात दाखवा. कोणता शॉट लांबला, कोणता नकोच, हे आत्ता ठरवा. ॲनिमेशन झाल्यावर शॉट कापणं म्हणजे रात्र-रात्र जागून केलेलं काम कचऱ्यात टाकणं.

एडिट पक्का झाला की खारीचे शॉट दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेम जास्त घेऊन पीएनजी चित्रांच्या मालिकेत काढा. प्रत्येक शॉटचा फोल्डर वेगळा.

## ६. कॅमेरा जुळवणं

स्थिर शॉट सोपा आहे. ब्लेंडरच्या कॅमेऱ्यामागे शॉट लावा, तिसऱ्या पायरीत मोजलेली फोकल लेंथ द्या, वहीतली उंची आणि अंतर द्या, मग फरशीच्या किंवा टेबलाच्या रेषांवरून झुकाव जुळवा. एकक मीटरच ठेवा. खार खऱ्या मापाची, खोली खऱ्या मापाची.

हलत्या शॉटला ट्रॅकिंग, म्हणजे चित्रातल्या ठळक बिंदूंचा माग काढून कॅमेऱ्याची वाट शोधणं. निवडलेल्या दोन मुख्य फ्रेममध्ये निदान आठ बिंदू सामाईक हवेत. सॉफ्टवेअरने ती वाट सोडवून झाल्यावर येणारी चूक एक पिक्सेलच्या खाली असावी, ०.५ च्या खाली आली तर निवांत व्हा. माणसांवर, हलत्या पडद्यावर, फरशीतल्या प्रतिबिंबावर बिंदू ठेवू नका. चुकीचा एक बिंदू काढून टाकल्याने जेवढा फायदा होतो तेवढा नवे पाच घातल्याने होत नाही.

तपासणी: खार बसेल तिथे एक साधा खोका ठेवा आणि शॉट चालवा. खोका फरशीला चिकटून राहिला तर पुढे जा. केसभर जरी सरकला तरी थांबा. "खार हलतीच असणार, कोण बघतंय," असं मीही म्हणालो होतो. सगळे बघतात.

## ७. खार हलवणं

आधी ठळक पोझ द्या, मधली हालचाल नंतर. खार मांजरासारखी चालत नाही. ती थिजते, भर्रकन जाते, पुन्हा थिजते. धावण्यापेक्षा ते थिजणं जास्त खारीचं आहे. नवशिक्या हौसेपोटी तिला सतत हलवत ठेवतो: कान, नाक, शेपूट, सगळं एकदम. मग ती प्राणी न वाटता चावीचं खेळणं वाटते. माणूस बोलत असेल तेव्हा खारीला गप्प बसवा, एखादी पापणी मिटू द्या, बास.

आधी डोळे वळतात, मग डोकं, मग अंग. शेपूट या सगळ्यांच्या मागून येते आणि अंग थांबल्यावरही तीन-चार फ्रेम डोलत राहते. जमिनीवर टेकलेला पाय उचलेपर्यंत तसूभरही घसरता कामा नये. खार तरंगते असं लोक म्हणतात तेव्हा दहापैकी आठ वेळा पाय घसरत असतो.

एक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवायची जुनी युक्ती स्थिर शॉटमध्ये चालते, हातानं काढलेल्या खारीला तर शोभतेही. हलत्या कॅमेऱ्यात नाही. मागची खोली प्रत्येक फ्रेमला सरकते आणि खार एकाआड एक, त्यामुळे ती थरथरल्यासारखी दिसते.

## ८. उजेड, सावली, रेंडर

करड्या चेंडूचा शॉट उघडा आणि ब्लेंडरमध्येही तसाच चेंडू ठेवा. दोन्ही चेंडू सारखे दिसेपर्यंत दिवे हलवा. खारीकडे तोवर बघायचंच नाही.

फरशी आणि टेबल यांच्या जागी साध्या सपाट पातळ्या (प्लेन) ठेवून त्यांना शॅडो कॅचर करा, म्हणजे त्यांच्यावर फक्त सावली उमटते. रेंडर इंजिन ब्लेंडरमधलंच सायकल्स, पार्श्वभूमी पारदर्शक. पंजाखालची ती बारीक, गडद, स्पर्शाची सावली हीच खारीला जमिनीवर आणते. लांबची सावली जरा चुकली तर चालून जातं, ही नाही. लाल गालिच्यावर बसलेल्या खारीच्या पोटावर लालसर झाक हवी; गालिच्याच्या जागी त्याच रंगाची पातळी ठेवली की येते.

दोन सेटिंग हमखास चुकतात. ब्लेंडरच्या नव्या आवृत्त्यांत रंग दाखवण्याची पद्धत आपोआप एजीएक्सवर असते. त्यातूनच शॉट बाहेर काढलात तर तुमचा मूळ व्हिडिओ फिकट, मळकट होतो. फोनच्या शॉटसाठी ती 'स्टँडर्ड' करा. दुसरं मोशन ब्लर, म्हणजे हालचालीमुळे येणारा धूसरपणा: २५ फ्रेमला शटर १/५० असेल तर ०.५, १/१०० असेल तर ०.२५. बाहेर उन्हात फोनचं शटर फार वेगवान झालं असेल तर खारीचा ब्लरही जवळजवळ काढून टाका. दोघांचं पटायला हवं.

रेंडर चित्रांच्या मालिकेतच करा, थेट व्हिडिओ फाइल नको. ९० व्या फ्रेमला वीज गेली तर मालिका ९० पासूनच पुढे चालू होते. व्हिडिओ फाइल बहुतेक वेळा उघडतच नाही. आणि सगळ्या फ्रेम लावून झोपायच्या आधी पहिली, मधली, शेवटची अशा तीन फ्रेम काढून बघा.

## ९. एकत्र बांधणं आणि आवाज

क्रम असा: क्लीन प्लेटने काडी-दोरा पुसा, त्यावर सावली, त्यावर खार, त्यावर पुढची बोटं किंवा खुर्चीचा पाय. मग खारीचा सगळ्यात काळा भाग खोलीतल्या सगळ्यात काळ्या भागाशी जुळवा. ही एकच गोष्ट नीट केली तर निम्मा उपरेपणा जातो. खार फोनच्या चित्रापेक्षा जास्त रेखीव दिसते, तेव्हा तिला किंचित मऊ करा आणि फोनच्या चित्रातले बारीक दाणे (ग्रेन) तिच्यावरही टाका. फिल्मचा अंतिम रंग सगळं एकत्र झाल्यावरच. आधी रंगवलेल्या शॉटवर कच्ची खार बसवायचा प्रयत्न करू नका.

तपासणी: शॉट कृष्णधवल करून, डोळे बारीक करून बघा. नजर आधी खारीच्या कडेवर जात असेल तर ती अजून उजळ आहे.

आवाजाचं काम छोटं पण टाळू नका. लाकडावर नखांची टिकटिक, गालिच्यावर जवळजवळ काहीच नाही, पडद्यावर चढताना कापडाची खसखस. नखं स्वतःचीच वापरा आणि शक्यतो शूट केलं त्याच खोलीत रेकॉर्ड करा. खाली ती तीस सेकंदांची शांतता पसरा, नाहीतर खारीचा आवाज सुरू झाला की खोली बदलल्यासारखी वाटते.

मग फिल्म अशा कुणालातरी दाखवा ज्याला यातलं काही माहीत नाही, आणि पडद्याकडे न बघता त्याच्या डोळ्यांकडे बघा. ज्या शॉटला त्याच्या कपाळावर आठी पडली तो परत उघडायचा. मोजा-खार मात्र तोवर टाकून देऊ नका. एखादा शॉट पुन्हा घ्यावाच लागतो, आणि तेव्हा त्याच मापाची दुसरी शिवत बसायला कुणाला वेळ नसतो.